हळदीकुंकू आणि संपलेली जमावबंदी

मंडळी, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून डायल-अप लागल्या लागल्या लिहितेय. तापाच्या साथीमुळे गव्हर्नरने घातलेली जमावबंदी आज सकाळी संपली. विधिमंडळाने मुदतवाढ नाकारली, आणि त्यांच्याशिवाय ती वाढवायचा अधिकार गव्हर्नरला नाही.

म्हणून दुपारी शैलाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या आल्या, पण एकेक खुर्ची सोडून बसल्या.

काकूंनी करंडा टेबलावर ठेवला आणि मागे सरकल्या. एकेकीने जाऊन स्वतःच कुंकू लावून घेतलं.

"काकू, ऑर्डर एक्स्पायर झालीय," मी म्हटलं.

"माहितीये गं. मग तू लाव ना मला."

मी कुंकवात बोट बुडवलं. काकूंनी डोळे मिटून श्वास रोखला. माझा हात पुढे जाईना.

गव्हर्नरच्या हुकमाला मुदत होती. आमच्या अंगात शिरलेल्या हुकमाची मुदत कोणाच्या हातात आहे?