राजवाड्याची मागची बाजू

सत्तावीस वर्षांची नावं मोहियुद्दीनने एका दुपारी पुसली, आणि पुसताना तो शीळ घालत होता. त्याची बायको हवाबी ही गोष्ट कुणालाही सांगताना त्या शिळेपाशी हटकून थांबते. "रडत पुसली असती तर मी काय बोलले नसते," ती म्हणते. "पण हा माणूस शीळ घालत होता, शीळ!"

मोहियुद्दीन कर्जतचा पडदेवाला. आता चौऱ्याहत्तरीचा. भाताची कापणी उरकली आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की कर्जत-खालापुरात कुठंही नाटक लागो, मागे लागणारे पडदे त्याचे असत. त्याचे वडील दाऊद पेंटर यांनी मांजरपाटावर सरसाच्या रंगांनी ते रंगवले होते. जंगल, रस्ता, तुरुंग आणि राजवाडा. राजवाड्याला सहा खांब, दोन खिडक्या आणि उजव्या हाताला कठड्यावर बसलेला मोर. नाटक ऐतिहासिक असो की सामाजिक, राजवाडा हाच. आज त्यात सरदार राहायचा, उद्या गिरणीचा मालक.

"चाचा, मिलवाल्याच्या घरात मोर कसा?" एकदा एका गावच्या मास्तरांनी विचारलं.

"पाळलाय," मोहियुद्दीन म्हणाला आणि दोरी ओढली.

पडदे बांधायचे, गुंडाळायचे, टेंपोत घालायचे, आणि नाटक चालू असेपर्यंत विंगेत दोरी धरून उभं राहायचं. साऱ्या आयुष्यात त्याने एकही नाटक समोरून बघितलं नाही. नटांच्या पाठी तेवढ्या बघितल्या. कुणाचा घाम कुठून सुरू होतो आणि वाक्य विसरल्यावर कुणाची मान कशी आखडते, हे तो आजही सांगेल.

या गावांतून एक रीत होती. खेळ संपला की नटाने तोंडाचा रंग पुसायच्या आधी राजवाड्याच्या मागे जायचं, आणि कोळशाने किंवा तोंडावरच्याच रंगात बोट बुडवून पडद्याच्या पाठीवर नाव लिहायचं. नाव, गाव, पार्ट. ज्याचं नाव राजवाड्याला लागलं त्याला पुढच्या जत्रेतही पार्ट मिळतो, असं मानत. कुणी सुरू केलं, ठाऊक नाही. मोहियुद्दीन मात्र दर खेळाला ओरडायचा, "माझ्या पडद्याची पाटी केलीत रं! उद्या बाराखडी लिवाल!"

त्याचं ओरडणं खोटं नव्हतं. पडद्याच्या पाठीला दर चार-पाच वर्षांनी खळ द्यावी लागते. मैद्याची खळ शिजवायची, उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, कालवलेला चुना घालायचा आणि कुंच्याने हात मारायचा. मग कापड ताठ राहतं आणि पडद्याला पोट येत नाही. बाकीच्या तिन्ही पडद्यांना तो खळ द्यायचा. राजवाड्याची बादली भरली, की कुणीतरी मध्ये पडायचंच. "चाचा, एवढं वर्ष जाऊ द्या. माझं नाव हाय त्याच्यावर." असं करत करत १९७९ ते २००६ राजवाड्याला खळ लागली नाही. पडद्याला पोट सुटलं आणि मोर जरा म्हातारा दिसू लागला.

मग नाटकंच बंद पडली. जत्रेत ऑर्केस्ट्रा आला, त्यानंतर डीजे. कळंबला ज्या खळ्यावर नाटक व्हायचं तिथे रिसॉर्टचा पोहायचा हौद झाला. पुराचं पाणी एका साली गोदामात शिरलं आणि जंगल, रस्ता, तुरुंग तिन्ही चिखलात कुजले. राजवाडा घरात आढ्याला टांगलेला होता म्हणून वाचला.

त्या राजवाड्याला शोधत हर्षला आली. शेलूची मुलगी, नाटक शिकलेली. नाच आणि नाटकांचा इतिहास ऑनलाइन मांडणाऱ्या एका संग्रहालयासाठी ती गावोगाव फिरून जुन्या वस्तूंचे फोटो काढत होती.

"हे संग्रालय हाय कुठं?" मोहियुद्दीनने विचारलं.

"इमारत नाही, चाचा. फोनवर बघायचं. जगात कुठूनही."

"वीस फुटी पडदा फोनात कसा घालणार गं?" हवाबीने चहा ठेवता ठेवता विचारलं. नात सिद्रा खो खो हसली. "दादी, फोटो! फोटो घालणार."

अंगणात तार बांधून मोहियुद्दीनने पडदा सोडला. अठरा वर्षांनी राजवाडा उजेडात आला. हर्षलाने पुढून पन्नासेक फोटो काढले. मग ती वाकून मागे गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आली ती घड्याळ बघत, गाडीच्या घाईत.

"चाचा, ऊन उतरलं. मी रविवारी परत येते, मोठा कॅमेरा घेऊन. मागची बाजू नीट घ्यायचीय."

"मागून पण फोटो?"

"मागची तर पहिली. मला विचाराल तर तीच महत्त्वाची आहे." आणि गेली.

काय महत्त्वाचं, हे तिने सांगितलं नाही. तिला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मोहियुद्दीनलाही विचारावंसं वाटलं नाही. त्याच्यापुरतं उत्तर स्पष्ट होतं.

"पोरगी जाणकार हाय," तो हवाबीला म्हणाला. "कापडाचा पारखी आधी उलटी बाजू बघतो. वीण बघतो, खळ बघतो. आमचे वडील असंच बघायचे."

त्या संध्याकाळी त्याने कळंबला विठूला फोन लावला. विठू शेतकरी माणूस, पण जवानीत गावच्या नाटकात बायकांची कामं करायचा. राणी म्हणून उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या बायका आपला पदर सारखा करायच्या.

"विठू, आपला राजवाडा साऱ्या जगाला दिसनार हाय. रविवारी ये."

पलीकडे विठूने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "येतो. येतोच. मोदीन, तुला सांगतो, घरात कोन इश्वास ठेवत नाय रं माझ्यावर. सून म्हनते, म्हातारा फेकतो. येक फोटो नाय जवळ. बाबांनी हुते ते चुलीत घातले. पोरगा लुगडं नेसतो म्हनून." मग त्याने विचारलं, "फोनात आलेलं सुनेला दाखवता येतं ना?"

"कुनालाबी दाखव," मोहियुद्दीन म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर सहा खांब आणि मोर होते. विठूच्या डोळ्यांसमोर काय होतं ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी जेवण झाल्यावर त्याने चूल पेटवली आणि मैदा कालवला.

"अवो, त्या पोरीला फोन करून विचारा तरी," हवाबी म्हणाली.

"पाहुना घर बघायला येनार तर त्याला विचारतात का, झाडू मारू का म्हनून?"

"त्याच्यावर लिवलंय ना कायतरी."

"पोरांची घाण हाय ती. इतकी वर्सं मध्ये पडायला कोन ना कोन असायचा. आता कोन हाय?" आणि कुंचा बुडवून त्याने शीळ सुरू केली.

हात सुरेख लागला. अठरा वर्षांत कुंचा धरला नव्हता, पण मनगट विसरलं नव्हतं. ओल्या खळीखाली कोळसा पसरायचा, पांढऱ्यावर करडी झाक यायची. नाकाजवळ धरलं असतं तर वाचता आलं असतं, अशी अक्षरं तो पुसत गेला. सरदार, पोस्टमन, खाष्ट सासू, भालदार. पहिला हात वाळला आणि करडे डाग वर आले, म्हणून त्याने दुसरा हात मारला. उन्हं कलली तेव्हा पडद्याची पाठ नव्या उशीच्या अभ्र्यासारखी शुभ्र होती.

"बघ," तो हवाबीला म्हणाला. "आता ये म्हनावं."

रविवारी सकाळी विठू शेअर रिक्षातून उतरला. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत, केसांना तेल. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून चालताना पाय आधी चाचपून टाकायचा. पण कमरेची लय तीच. मागोमाग हर्षला आली, कॅमेरा आणि तो ठेवायचं तिकाटणं घेऊन.

"ही ती पोरगी," मोहियुद्दीन म्हणाला. "आणि हा विठू. आमची राणी."

"राणी नाय, पट्टरानी," विठूने दुरुस्त केलं. "आन् बाई, आधी माजं नाव घ्या हां फोटोत. मी जागा दाखवतो. डाव्या खिडकीच्या बरोब्बर मागं. मुद्दाम तिथं लिवलंय, खिडकीतनं रानी बघते म्हनून. विठू, कळंब, रानीचा पार्ट. ओठाच्या लालीनं लिवलंय. कोळशानं नाय. कोळशानं गड्यांनी लिवायचं."

हर्षला हसली. "मी बघितलंय ते, आजोबा! लाल अक्षरं. गेल्या वेळी वाचलं मी. त्या नावांसाठीच तर आलेय."

मोहियुद्दीनच्या हातातली दोरी सुटली नाही, एवढंच. पडदा सावकाश खाली आला, सरळ, ताठ. एक सुरकुती नाही.

विठू हात पुढे धरून मागे गेला. हर्षला त्याच्या मागोमाग. राजवाड्यापलीकडून कापडावर तळहात फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. खस्स, खस्स.

"मोदीन," विठूने हाक मारली. "डावी खिडकी हीच ना रं?"

"तीच."

"मला दिसत नाय की काय? बाई, तुमाला दिसतंय?"

हर्षलाने कापड नाकाजवळ धरून बघितलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तोंडावर पाणी मारल्यासारखा झाला होता. "चाचा, हे काय केलंत?"

"खळ दिली," मोहियुद्दीन म्हणाला. "तूच बोललीस ना, मागून बघायचंय म्हनून. तुज्यासाठी दिली."

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी फोनवर एक तरी फोटो काढायला हवा होता. उजेड नाही म्हणून नाही काढला."

मोहियुद्दीनने बादलीत फडकं बुडवलं. खळ निघेल, खाली असेल, म्हणून त्याने खिडकीमागे घासायला घेतलं. चुना सुटला आणि त्याबरोबर फिकट गुलाबी पाणी ओघळलं. लालीच ती. आणखी घासलं तेव्हा पुढच्या बाजूला राजवाड्याची खिडकी ओली झाली आणि दाऊद पेंटरचा निळा रंग खांबावर पसरला.

"राहू दे," विठू म्हणाला. त्याने मोहियुद्दीनचं मनगट धरलं. "खिडकी तरी राहू दे. अरे, रानीला तू पांढरं लुगडं नेसवलंस, मोदीन. आता आनखी काय उतरवतोस?"

आणि तो हसला. सवयीने हसला, राणीसारखा, तळहात तोंडासमोर धरून. तो हात मग त्याने बराच वेळ खाली घेतला नाही.

हर्षलाने दोघांना ओट्यावर बसवून नावं आठवायला लावली. बावीस आठवली. त्यातल्या सहांवर भांडण झालं.

"सदू कधी भालदार नव्हता."

"हुता! मी त्याची पाठ बघितलीय."

"पाठी सगळ्यांच्या सारख्याच रं."

"अजिबात नाय."

"आठवणी म्हणून मी वेगळं लिहून घेते," हर्षला म्हणाली. "पण पडद्याच्या नोंदीत पडद्यावर जे दिसतं तेवढंच घालतात. माझ्या हातात नाही ते."

महिन्याभराने ते पान आलं. सिद्राने आजोबांना फोनवर दाखवलं. राजवाडा देखणा दिसत होता. सहा खांब, मोर, आणि खिडकीखाली ओघळलेला निळा डाग. खाली लिहिलं होतं: रंगीत नाट्यपडदा, कर्जत परिसर. चित्रकार दाऊद पेंटर.

"आब्बांचं नाव आलं," हवाबी म्हणाली. "तेवढं तरी आलं."

त्याच दुपारी विठूचा फोन आला.

"दाखवलं सुनेला," तो म्हणाला.

"काय बोलली?"

"बोलली, मोर छान हाय."

विठूने भाताची चौकशी करावी तशी हवाबीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यानंतर तो कर्जतला आला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याने नको म्हटलं. सून विचारायची, का हो? तो म्हणायचा, आता बघायचं काय ऱ्हायलंय?

मोहियुद्दीन मात्र रोज बघतो. सिद्रा कॉलेजातून आली की तिच्याजवळ बसतो आणि दुसरा फोटो लावायला सांगतो. मागच्या बाजूचा. हर्षलाने तोही घातलाय. पांढरा चौकोन, खाली तीन शब्द: मागील बाजू, कोरी.

"मोठा कर," तो म्हणतो. सिद्रा दोन बोटांनी मोठा करते. "आनखी. डावीकडं घे. तिथं."

परवा तो एकदम पुढे वाकला. "थांब! हे बघ, खिडकीच्या मागं. कायतरी पुसट दिसतंय. अक्षर हाय. बघ ना, वि हाय का तो?"

सिद्राने फोन जवळ घेतला, उजेडाकडे तिरका धरला.

"दादा, तुझं बोट लागलंय काचेला," ती म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने तिने ते पुसून टाकलं.