६६९९२ला लावलेला फोन

माझी आत्या सनवबर ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरात, शाळेत गणित शिकवायची. आकडा दिसला की त्याची कुळी शोधल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ट्रकची पाटी असो की टरबुजाचं वजन, ही मूळ संख्या, हिचे भाजक थोडे, हिचे भरपूर, असं चालूच. तिच्यासोबत बाजारात जायला आम्ही भावंडं टाळाटाळ करायचो.

घरी टेलिफोन आला त्या दिवशी आत्या कागद घेऊन अंगणात बसली. आमचा नंबर ६६९२८. त्याला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची, तो स्वतः वगळून, तिने बेरीज केली. आली ६६९९२. मग तिने गंमत म्हणून ६६९९२च्या भाजकांची बेरीज मांडली, तर परत ६६९२८. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात, हे तिनेच आम्हाला शिकवलं होतं. पण ती आपल्याच घरात निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

तिने ६६९९२ फिरवला.

"कोण?" पलीकडे एका बाईचा खडखडीत आवाज.

"मी सनवबर, गणिताची शिक्षिका. तुमचा नंबर माझ्या नंबराचा मित्र आहे."

"माझ्याकडे लग्नाचं कुणी नाही, बाई. मुलगा सैन्यात, नवरा मातीत."

"सोयरिकीसाठी नाही हो. बेरजेसाठी."

मग, "बेरीज नीट तपासलीत ना? मग या चहाला. इथे बोलायला भिंतीच आहेत."

ती तूती-आपा. रेशमाच्या कारखान्यात विणकाम करायची. आत्याने तिला कागदावर सगळं समजावलं. "माझ्या भाजकांची बेरीज माझ्या आकड्याहून जास्त भरते, म्हणून तो विपुल. तुमची कमी पडते, म्हणून तुमचा न्यून."

"वा. म्हणजे भरभराट तुमच्याकडे, तूट माझ्याकडे. फोनमध्येही तेच का?"

आत्या इतकी हसली, की मी तिला तशी हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

पुढे युद्धाच्या हिवाळ्यात रोटी मिळेनाशी झाली, तेव्हा तूती-आपा पिठाचं पोतं घसरगाडीवर ओढत आमच्या दारात आली. पोतं अर्धंच भरलेलं होतं.

"तुला काय ठेवलंस?" आत्याने विचारलं.

"उरलेलं अर्धं. तूट माझ्या आकड्यात आहे, घरात नाही. तंदूर पेटव."

काही वर्षांनी सगळ्या शहराचे नंबर बदलले. आत्या दिवसभर रुसल्यासारखी बसून होती. संध्याकाळी तूती-आपा आली.

"नंबर बदलला. मी बदलले का? चल, पुलाव झाकून ठेवलाय."

आत्याची नजर गेली तेव्हा तूती-आपा सामान घेऊन आमच्याकडेच राहायला आली. दुपारी दोघी उन्हात बसत. तूती-आपा वर्तमानपत्रातले आकडे मोठ्याने वाची आणि आत्या त्यांचे भाजक सांगे. कधी चुकली तरी तूती-आपाला ते कळत नसे. कळलं असतं तरी ती बोलली नसती.

आत्या गेल्यावर तूती-आपाचा मुलगा तिला न्यायला आला. तिने त्याला पोटभर जेवू घातलं.

"माझी माणसं इथे आहेत," म्हणाली, आणि त्याला एकट्यालाच परत पाठवलं.