लॅम्कोटांची काठी

उत्तर इंग्लंडातल्या त्या दरीबाहेर लॅम्कोट हे आडनाव कुणी ऐकले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी, बर्फाच्या दिवसांत, कोकरांच्या खोपटात टाकून दिलेले एक तान्हे मूल कुणा मेंढपाळाला सापडले. कोकरांच्या खोपटाला तिकडे लॅम्कोट म्हणत; चर्चच्या कारभाऱ्यांनी तेच नाव त्याला आडनाव म्हणून दिले आणि पुढे त्याला मेंढ्यांमागेच लावले. पोसणाऱ्यांनी पोसलेल्याला जागा दाखवली ती अशी; त्याच्या वंशाला ती पिढ्यान्‌पिढ्या दाखवली गेली.

हेस्टरला शाळेत पोरी विचारत, "ए लॅम्कोट, तुझी खापरपणजी मेंढी होती ना गं?" गिरणीवाल्या थॉर्नबींची सून झाल्यावर ते आडनाव सुटल्याचे तिला सुख वाटले, आणि त्या सुखाची तिने कधी झडती घेतली नाही.

तिचा एकुलता भाऊ युद्धात गेला. आडनाव लावणारा आता तिचा बाप एनॉक तेवढा उरला. नातवाच्या बाप्तिस्म्याआधी तो तिच्या स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहून म्हणाला, "मधलं नाव म्हणून तरी लाव, पोरी. तेवढंच टिकेल."

"लावते, बाबा. त्यात काय एवढं?"

पण बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारले, "मधलं नाव माझ्या वडिलांचंच ना? एडमंड?" हेस्टरने होकाराची मान हलवली.

"या बालकाचं नाव सांगा," चर्चमध्ये पाद्री म्हणाला.

"राल्फ एडमंड," धर्ममाता झालेली नणंद ठसक्यात म्हणाली. मागच्या बाकावर बसलेल्या बापाकडे हेस्टरने पाहिले नाही.

बाहेर म्हातारा शेजारी जेबेझ एनॉकला म्हणाला, "काय रे, व्याह्यांनी तुझं कोकरू कळपातून हाकललं वाटतं!"

"हाकलतंय कोण? मीच नको म्हटलं. तुझे नातू शाळेत त्याच्यामागे बें बें करत हिंडले असते. तुझं खानदान ठाऊक आहे मला."

लोक हसले. बापाने तिचे खोटे आपल्या अंगावर घेतले, तशी हेस्टरची कानशिले तापली. त्याच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेली, शिंगाच्या मुठीची काठी होती. लॅम्कोटांच्या प्रत्येक मुलाचे नाव त्या मुठीवर कोरलेले. बाप्तिस्म्यानंतर ती बाळाच्या हाताला लावायची, ही त्या घराची रीत. गोणपाटावरची दोरी अजून सुटली नव्हती.

"बाबा, ती काठी..."

"ही होय? जाताना चढ लागतो ना गं."

गोणपाटासकट ती टेकवत तो चढणीला लागला. हाक मारावी, तर सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. हेस्टरने बाळाची शाल सारखी केली.