मातीचा ढीग म्हणजे ताल नव्हे

"साहेब, माती चालली!"

मुकादमाचा फोन आला तेव्हा मी महाळुंग्याच्या चौकात चहा पीत होतो.

"चालली म्हणजे?"

"चालली म्हणजे चालली! सगळा गाळ मावशींच्या वखारीत!"

पाच मिनिटांत पोचलो. आमच्या साइटच्या खालच्या कडेला मोठं भगदाड पडलं होतं. त्यातून चहासारखं पाणी धो धो बाहेर पडत होतं आणि शेजारच्या हौसामावशींच्या कांद्याच्या वखारीत घुसत होतं.

मी साइट इंजिनिअर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि हे मी अभिमानानं सांगतो. काम छोटं होतं, उतारावरच्या प्लॉटवर एका कुटुंबाचं दुमजली घर. पायाचे खड्डे खोदले की निघालेली माती कुठं टाकायची, हा प्रश्न असतोच. मी ती खालच्या कडेला, उताराला आडवी, ओळीनं टाकायला लावली. आमच्या शेतात वडील असाच बांध घालायचे. त्याला ताल म्हणतात. पाणी अडतं, माती जागेवर राहते. मुकादमाला मी ऐटीत म्हणालोही होतो, "हे पुस्तकातलं नाही राव, हे आमच्या रक्तातलं आहे."

हौसामावशी तेव्हा कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "इंजनेर, तुजा ताल लई भुसभुशीत हाय. तुडवला का न्हाई?"

"मावशी, इथं आरसीसीचं घर उभं राहतंय. मातीचं काय घेऊन बसलात?"

फोन आला त्या दिवशी सकाळीच परतीचा पाऊस सुरू झाला होता. वरच्या रस्त्याचं पाणी आमच्या प्लॉटमध्ये उतरत होतं. जमिनीत न मुरता उतारानं पळणाऱ्या अशा पाण्याला आम्ही रनऑफ म्हणतो. दुपारी मुकादमानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ढिगामागं छान तळं साचलेलं. मी त्याला अंगठा पाठवला. अंगठा! तासाभरात ढीग फुटला.

खरा ताल थराथरानं तुडवतात. त्यावर गवत धरू देतात. जास्तीचं पाणी जायला एका टोकाला दगडी सांड ठेवतात. माझ्या ढिगाला यातलं काहीच नव्हतं. तो नसता तर पाणी थोडंथोडं निघून गेलं असतं. मी ते साठवलं आणि एकदम मावशींच्या अंगावर सोडलं.

मावशी गुडघाभर गाळात बसून एकेक कांदा काढत होत्या, पदराला पुसत होत्या. मी म्हणालो, "मावशी, जेवढा गेला तेवढा भरून देतो."

त्यांनी वर बघितलं. "काय भरून देतोस? खायचा कांदा न्हाई ह्यो. बियाण्याचा हाय. सासूच्या हातापासनं ह्येच वाण लावतोय आमी. कुठल्या दुकानात मिळंल, सांग."

मी गाळात उतरून त्यांच्याबरोबर कांदे काढू लागलो.

तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टर भाऊंचा फोन. "पाऊस लई झाला म्हणायचं. निसर्गापुढं कोण काय करणार?"

"भाऊ, पलीकडच्या प्लॉटवर ढेकूळसुद्धा हललं नाही. पाऊस तोच होता. माती मी टाकायला लावली."

"एवढं शिकलास आणि हेच केलंस?"

"व्हय," मी म्हणालो.

काम बंद केलं. सगळे मजूर घमेली घेऊन वखारीत. कांदा मावशींच्या पडवीत पसरला. भिजलेला कांदा आतून सडतो, ते लगेच कळत नाही. रोज सकाळी मी जायचो, नासलेले वेगळे काढायचो. मावशी माझ्याशी बोलत नव्हत्या. पंधरा दिवसांनी धड कांदा उरला दोन टोपल्या.

"वाफाभर लावीन," त्या म्हणाल्या. "वाण बुडालं न्हाई म्हणायचं." त्या दिवसानंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलंच.

साइटवर आधी वरच्या बाजूला चर खोदला, बाहेरचं पाणी आत येऊच नये म्हणून. तो फिरवून थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडला. मातीचा ढीग वर सपाटीला हलवून ताडपत्रीनं झाकला. खालच्या कडेला गाळ अडवणारं कापड लावलं, त्याची खालची कड वीतभर जमिनीत पुरून. सगळं मिळून दीड दिवसाचं काम. पाऊस येण्याआधीही ते दीड दिवसाचंच होतं.

आता नवीन प्लॉटवर गेलो की पायाची आखणी नंतर. आधी उतारानं खाली चालत जातो आणि पहिलं दार वाजवतो.