रडारला दिसण्यासाठी थांबलेला उन्हाळा

मिरजेच्या दवाखान्यात मी भूल देते. सुट्टी मिळाली की कराडजवळच्या धावपट्टीवर जायचे. तिथं आमचं दोन आसनांचं, बिनइंजिनाचं ग्लायडर होतं. आमचं म्हणजे माझं आणि विट्याच्या एका गलाईवाल्या दादांचं. तीस वर्षं परमुलखात सोनं गाळून ते गावी परतले होते. अंगानं भरदार माणूस.

त्या जानेवारीत डोंगराच्या कडेनं आम्ही वर चढत होतो. उजवीकडून एक छोटं विमान इतकं जवळून गेलं, की वैमानिकाचा निळा शर्ट मला दिसला. खांदे पट्ट्यांनी आवळलेले, डोक्यावर काचेचं झाकण. अंग चोरायलाही जागा नव्हती.

मागच्या आसनावरून दादा म्हणाले, “ताई, त्यानं आपल्याला बघितलंच न्हाई.”

विमानांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षालाही आम्ही दिसलो नव्हतो. फायबरचं ग्लायडर रडारवर नीट उमटत नाही. हुकूम आला: ट्रान्सपाँडर बसवा. रडारनं विचारलं, की आपण कोण नि किती उंचीवर, ते आपोआप सांगणारा हा डबा. तोवर धावपट्टीभोवतीच्या आखून दिलेल्या हद्दीतच उडायचं.

डबे दोन होते. एक ताकदीचा, लगेच मिळणारा. पण त्याला मोठी बॅटरी लागायची. दुसरा कमी विजेवर चालणारा, आमच्या उंचीला पुरेसा. तो यायला चार महिने. मी वजनांची बेरीज केली. मोठ्या बॅटरीसह आम्ही दोघं बसलो, तर भार मर्यादेबाहेर जात होता.

“मोठाच घ्या,” दादा म्हणाले. “तुमी उडा. मी थांबतो की खाली.”

“त्यापेक्षा बारीक व्हा ना थोडे.”

“आवं, ह्या जल्मात न्हाई व्हायचं ते.” हसले, पण बघत होते ग्लायडरकडेच.

मी लहान डबा मागवला. निर्णय माझाच, तरी मला त्याचाच राग यायला लागला. ऊन तापलं, उडायला उत्तम दिवस आले आणि आम्ही त्याच वर्तुळात. खाली तोच ऊस, तीच कारखान्याची चिमणी. वर नेणारा गरम हवेचा झोत मिळाला, की तो वाऱ्याबरोबर हद्दीबाहेर सरकायचा आणि मला सोडून द्यावा लागायचा. मार्चमध्ये एकदा मी खेकसलेच, “तुम्ही खाली थांबला असता, तर मी आत्ता पार महाबळेश्वरावर असते!”

उतरल्यावर दादा पंख धरून ग्लायडर ढकलत चालले. मिरजेला परतताना गाडीत मला स्वतःची लाज वाटत राहिली.

मेअखेरीस डबा बसला. पहिल्यांदाच हद्द ओलांडली, तोच कक्षातून आवाज आला, “दिसताय. आहे ती उंची राखा. तुमच्या खालून विमान जातंय.”

“आम्हाला इंजिन नाही. उंची राखता येत नाही,” मी म्हणाले. उंचीचा काटा खाली चालला होता.

“ताई, डावीकडं घार फिरतीया बघा,” दादा म्हणाले.

मी वळले. घारीखाली झोत सापडला. विमान जाईपर्यंत तेवढ्याशा जागेत आम्ही घिरट्या घालत राहिलो. मोकळीक मिळाली तेव्हा डोंगरावर ढग दाटले होते. परत फिरलो.

उतरल्यावर मी म्हणाले, “दादा, मार्चमध्ये मी जे बोलले...”

“ऱ्हाऊ द्या वो. आधी हात द्या, पाय वळलेत माझे.”