मधली मोकळी जागा

तांबे मॅडम गेल्याचं मला प्रयोगशाळेत असताना कळलं. त्यांचे थोरले बंधू आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "उज्ज्वला गेली गो... सकाळीच." त्या दिवशी दुःख झालं. संताप आला तो काही आठवड्यांनी, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी रत्नागिरीजवळच्या त्या किनाऱ्यावर गेले आणि नवा फलक पाहिला तेव्हा. हा लेख त्या संतापातूनच लिहिते आहे; तो सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

प्रा. उज्ज्वला तांबे दृश्यसंवाद शिकवत. माणूस चित्र कसं वाचतो आणि कुठे चुकीचं वाचतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. महाविद्यालयाने मात्र त्यांना आयुष्यभर स्नेहसंमेलनाचा मंच सजवायला आणि रांगोळ्यांचं परीक्षण करायला बोलावलं. शोकसभेतही एकामागून एक वक्ते त्यांचा हात किती कलात्मक होता, हेच सांगत राहिले. डोक्याचा उल्लेख कुणी केला नाही. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. एका वर्षी त्यांच्या वर्गात आगंतुकासारखी बसू लागले आणि प्रयोगाची शिस्त खऱ्या अर्थाने तिथेच शिकले. त्यांच्या वर्गात एक प्रश्न निषिद्ध होता : समजलं का? त्यांच्या मते या प्रश्नाला माणूस भिडेने होच म्हणतो, त्यामुळे त्या उत्तराला काही किंमत नाही. चित्र समोर धरायचं, विचारायचं "काय दिसतं?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं आम्हां विद्यार्थ्यांना सर्वांत कठीण जाई. मध्येच कुणी समजावू लागलं की मॅडम म्हणत, "तू काय चित्राबरोबर किनाऱ्यावर उभी राहणार आहेस?"

पोहणाऱ्यांना सावध करणारा तो फलक त्यांचं शेवटचं काम. त्या किनाऱ्यावर आत आलेलं पाणी एका अरुंद वाटेने वेगाने परत समुद्रात ओढलं जातं. त्या वाटेवर लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून पाणी शांत दिसतं आणि पोहायला आलेले पाहुणे नेमकं तिथेच उतरतात. प्रवाहाची मांडणी मी करून दिली; पण सुरक्षित दिसणारा धोका चित्रात दाखवायचा कसा? पहिल्या चित्रात पोहणाऱ्या माणसावर लाल फुली होती. मॅडमनी ते पाहुण्यांसमोर धरलं. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "इथं कुणीतरी बुडालंय वाटतं. चल, जरा पलीकडे जाऊ." पलीकडे म्हणजे त्या शांत पाण्यातच! मॅडम हसल्या आणि चित्र तिथेच फाडलं. कित्येक चित्रं अशी गेली. अखेरच्या चित्रात दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र फुटणाऱ्या लाटा, मध्ये गडद, रिकामा पट्टा आणि त्याच्या तोंडाशी वाळूत राहिलेली एक चपलांची जोडी, एवढंच होतं. ते पाहून माणसं बोलायची थांबत. मग बोट आपोआप त्या पट्ट्याकडे जाई.

किनाऱ्याच्या समितीने फलक उभारला तो मॅडमच्या निधनानंतर, त्यांच्या स्मरणार्थ. आणि त्या रिकाम्या पट्ट्यावर, बरोबर मध्यभागी, मॅडमचा हार घातलेला फोटो छापला. चपलाही त्याखाली गेल्या. मी समितीच्या चिटणिसांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, एवढी जागा वाया चालली होती. तिथंच तर मॅडम शोभून दिसतात." धोक्याची सूचना पुसून टाकायची आणि तिला आदरांजली म्हणायचं! वर मलाच ऐकवलं की, मॅडमची विद्यार्थिनी असून मला त्यांचा फोटो खुपतो. फोटो आप्पांनी दिला होता. हलवायचा तर त्यांनीच येऊन सांगावं, एवढी सवलत मला मिळाली.

आप्पा तो फलक रोज संध्याकाळी पाहायला जात, हे मला ठाऊक होतं. बहिणीचा असा मान त्यांनी तिच्या हयातीत कधी पाहिला नव्हता. प्रवाहाचं सगळं स्पष्टीकरण माझ्या ओठांवर होतं... मी ते गिळलं. त्यांना फलकासमोर नेऊन फक्त विचारलं, "आप्पा, काय दिसतं?"

"उज्ज्वला दिसते."

मी गप्प राहिले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"पाणी दिसत नाय," ते हळूच म्हणाले. "ती मधीच उभी हाय."

थोड्या वेळाने ते स्वतःच चिटणिसांच्या घराकडे वळले. मला सोबत येऊ दिलं नाही.

फलक उतरवायला एक दुपार पुरली. नवा लावायला मात्र समितीला अजून सवड झालेली नाही. दर रविवारी गाड्या भरून पाहुणे येतात आणि शांत पाणी शोधतात. मॅडमच्या खोलीत टेबलासमोरच्या भिंतीवर मूळ चित्र आहे. फोटो आप्पांनी दाराशेजारी, बाजूला लावला आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी त्या चित्रासमोर उभं करतात, एकच प्रश्न विचारतात आणि गप्प बसतात. समजलं का, असं मात्र ते कुणालाही विचारत नाहीत.