एक जूनची माणसं

बी.एस्सी. झाल्यावर मी पिंपरीजवळच्या एका कारखान्यात कार्डं पंच करायला लागले, तेव्हा मी नक्की काय काम करते हे आमच्या चाळीत कुणाला सांगता येत नसे. वडील दुसऱ्या एका कंपनीत लेथवर होते. ते शेजाऱ्यांना सांगत, ती टायपिंग करते. ते फारसं चुकीचंही नव्हतं. जाड कागदाच्या कार्डावर ऐंशी घरं असत, कळ दाबली की त्या घराला भोक पडे, आणि अशी ट्रेभर कार्डं पुण्याला दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चालवायला जात.

दोन वर्षांनी कंपनीनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. माझा विषय गणित होता म्हणून मला तीन महिने प्रोग्रॅम लिहायला शिकायला पाठवलं. परत आले तेव्हा मला वेगळं टेबल मिळालं. प्रोग्रॅम पेन्सिलीनं कागदावर लिहायचा, पंचिंगच्या मुली त्याची कार्डं करायच्या, आणि दिवसातून एकदा ती मशीनला खायला घालायची. चूक निघाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं. मशीनची खोली थंड होती आणि चपला बाहेर काढाव्या लागत. मला आठवतं, कंपनीत पंखासुद्धा धड नसलेल्या शॉपमधले कामगार जेवणाच्या सुट्टीत त्या काचेपाशी येऊन उभे राहत. आधी युनियननं गेटवर सभा घेतली होती, मशीन माणसं कमी करणार म्हणून. मॅनेजमेंटनं लिहून दिलं की मशीनमुळे एकाही माणसाला काढणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे सगळ्या कामगारांची माहिती मशीनवर चढवणं. नाव, टोकन नंबर, कामावर लागल्याची तारीख, जन्मतारीख. पर्सोनेल खात्यातून जुने फॉर्म आले. मी एक तपासणीचा प्रोग्रॅम लिहिला होता. दिवस एक ते एकतीसमध्ये आहे का, महिना बाराच्या आत आहे का, एवढंच तो बघत असे. तो चालवला तर चुकांची यादी संपेचना. पान उलटलं की पुढच्या पानावरही तेच: जन्मतारीख नाही.

कारण साधं होतं. बासष्टच्या सुमाराला कंपनीचा पाया खणला जात होता, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं थेट शेतातून भरतीला आली होती. पत्र्याच्या शेडमध्ये एक क्लार्क टेबल टाकून बसला होता. तो वय विचारायचा. माणूस सांगेल ते लिहायचा, आणि माणसाला सांगता आलं नाही तर तोंडाकडे बघून लिहायचा. तीस. पस्तीस. चाळीस.

पर्सोनेलचे साहेब भले होते, पण घाईतले. यादी चाळून ते म्हणाले, "वयावरून वर्ष काढा. तारीख सगळ्यांना एक जून टाका."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी स्वतःची जन्मतारीख एक जूनच आहे. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली होती. शाळा जूनमध्ये उघडे, त्यांना ते सोयीचं. आमचा अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला होता. मी प्रोग्रॅममध्ये तीन ओळी घातल्या: तारीख नसेल तर लागल्याच्या वर्षातून वय वजा कर, महिना सहा, दिवस एक. दुसऱ्या दिवशी यादी कोरी आली. साहेबांनी कौतुक केलं, मी खुशीत घरी गेले.

पुढची चार-पाच वर्षं त्या तारखांचं कुणाला काही पडलं नव्हतं. मग साहेबांनी मला आणखी एक यादी काढायला सांगितली, येत्या वर्षात ज्यांना अठ्ठावन्न पूर्ण होतात, म्हणजे जे निवृत्त होणार, अशा माणसांची. ती नोटीस बोर्डावर लागली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरचे एक मामा माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात, चपला दाराबाहेर.

मी त्यांना तोंडओळखीनं जाणत होते. ते मोशीचे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर सुरुवातीपासून होते, आणि लालबुंद झालेल्या पोलादाचा रंग बघून ते कधी बाहेर काढायचं हे सांगत. भट्टीला तापमापक होतं, पण शॉपमधले लोक आधी मामांकडे बघत.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या मशीननं मला तीन वर्सं म्हातारा केलाय."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की त्यांना पंचावन्नावं चालू आहे. भरतीच्या वेळी कामावर घ्यावं म्हणून त्यांनी वय थोडं वाढवून सांगितलं होतं, कारण कुणीतरी म्हणालं होतं की भट्टीवर पोक्त माणसं लागतात. तारीख दुरुस्त करावी असा अर्ज त्यांनी साहेबांकडे दिला होता. खऱ्या वयाचा त्यांच्याकडे एक पुरावा होता. तीन महिन्यांच्या मामांना घेऊन आई सासरी निघाली, तेव्हा इंद्रायणीला एवढा पूर आला होता की बैलगाडी दोन दिवस पलीकडच्या काठावर थांबली. तो पूर कुठल्या साली आला ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं.

मी म्हणाले की पुराच्या पुराव्यावर कंपनी तारीख बदलणार नाही, कागद लागेल. त्यांनी मोशीच्या नोंदी आधीच शोधून घेतल्या होत्या, त्यात त्यांचा जन्म नव्हता. आई गाडीत बसून नदीच्या अलीकडे येत होती, म्हणजे ती कुठून येत होती, हे मी विचारलं. माहेराहून, कुरुळीहून. मामा घरातलं पहिलं मूल. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तेव्हा नोंद कुरुळीला असणार, हे मी सांगितलं. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं.

"येता का संगं?" त्यांनी विचारलं. "मला त्या कचेरीत कोण उभं करणार न्हाई."

मी का हो म्हणाले हे आज नीट सांगता येणार नाही. त्या तीन ओळी माझ्या होत्या, हे एक कारण. शिवाय मामांना वाटणारी घरी बसायची भीती. मामांची जमीन कारखान्यांसाठी संपादनात गेली होती. गावातली त्यांच्या वयाची माणसं निदान बांधावर तरी जाऊन बसत. मामांना बांध उरला नव्हता.

आमच्या भागात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि सरकारी कचेऱ्या चालू, त्यामुळे गुरुवारीच निघालो. मी भोसरीला एस.टी.त बसले, मामा मोशीला चढले, धुतलेलं धोतर आणि कंपनीचा कोट घालून. नदीवरचा पूल आला तेव्हा त्यांनी मला खिडकीतून बोटानं जागा दाखवली, गाडी थांबली होती ती. कुरुळी मागं पडली, चाकण मागं पडलं, आणि दहाच्या सुमाराला आम्ही खेडला उतरलो.

तालुक्याच्या कचेरीत जुनी दप्तरं लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. कारकुनानं बरीच खळखळ करून कुरुळीचं दप्तर काढलं आणि आमच्यापुढे ठेवलं. सगळं मोडीत. त्यालाही वाचता येत नव्हतं. कचेरीबाहेर लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ लोकांचे अर्ज लिहून देत बसत, त्यांना मोडी येते असं तो म्हणाला. त्यांना बोलावून आणलं. ते जाड भिंगाचा चष्मा लावून एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. आमच्या लोकांच्या, धर्म बदलण्याआधीच्या जातीचं नावही त्या पानांवर दर दोन-चार ओळींनी येत होतं. वाचणारे ते जरा हळू म्हणत आणि माझ्याकडे न बघता पुढे जात. आमच्या कार्डांच्या ऐंशी घरांत जातीला घर नव्हतं. ते कुणी ठरवून वगळलं होतं असं नाही, साहेबांनी मागितलं नव्हतं एवढंच.

मामांच्या पुराचं वर्ष वाचून झालं. काही नाही. पुढची दोन वर्षं वाचली, त्यातही नाही. मग मागं जायला सुरुवात केली. मशीननं धरलेलं वर्ष गेलं. दुपारचा एक वाजून गेला होता तेव्हा वाचणारे थांबले आणि त्यांनी बोट ओळीवर ठेवलं. बापाचं नाव, राहणार मोशी, मुलगा, मे महिना.

मी वर्ष परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मशीननं दिलेल्या वर्षाच्याही तीन वर्षं आधीचं होतं ते.

मामांना आकडा लगेच उमगला नाही. मी बोटांवर मोजून दाखवलं. ते पंचावन्नचे नव्हते आणि अठ्ठावन्नचेही नव्हते. त्यांना एकसष्टावं चालू होतं. नदीला पूर काही एकदाच आलेला नसणार. इतर वर्षांत त्या घरचा दुसरा मुलगा लिहिलेला नव्हता, हे वाचणाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून पुन्हा पाहिलं.

कारकुनानं विचारलं, नक्कल हवी का. मामांनी मान हलवली, नको.

स्टँडवर आम्ही चहा घेतला. त्यांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "म्हंजे तीन वर्सं मी तसाच ऱ्हायलो व्हय कंपनीत."

"काम केलंत, मामा."

"हे मशीनला सांगावं लागंल?"

मी सांगितलं की मशीन आपणहून काही विचारत नाही. साहेब विचारतील, कारण दुरुस्तीचा अर्ज दिलेला आहे.

"अन् तुमी?"

"मला कुणी विचारलेलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग अर्ज ऱ्हाऊ द्या. मशीनचंच बराबर हाय म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या, अर्ज मागं घेत असल्याच्या. त्यांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. साहेबांनी कागद वाचला आणि ते माझ्याकडे बघून हसले. "पटलं शेवटी त्यांना," ते म्हणाले. "कॉम्प्युटर चुकत नाही, हे लोकांना कळायला वेळ लागतो." खेडला काय निघालं ते मी त्यांना सांगितलं नाही. पुढेही कधी बोलले नाही. ते बरोबर होतं का, याचा मी त्या काळात बराच विचार केला, आणि मग करणं सोडून दिलं.

मेच्या अखेरीला कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. अकरा माणसं होती. मशीनच्या लेखी सगळी एकाच दिवशी जन्मलेली, त्यामुळे एकाच दिवशी निवृत्त. हार, नारळ, एकत्र फोटो. मामा मागच्या रांगेत उभे होते. अकरांपैकी चार एकट्या भट्टीवरचे निघाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथले सुपरवायझर चिडून आमच्या खात्यात आले. माझी चार माणसं एकाच रात्रीत म्हातारी कशी झाली, असं त्यांनी विचारलं. नवीन मुलं तापमापकाकडे बघून काम करत होती आणि माल कडक होऊन तपासणीतून परत येत होता. मापक काही अंश चुकीचं दाखवत होतं. जुनी माणसं ते धरून चालत आणि डोळ्यांवर भरवसा ठेवत. ते मापक कुणी दुरुस्तीला दिलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती.

साहेबांनी यावर तोड काढली. टोकन नंबरावरून जन्माचे महिने वाटायचे: कुणाला जानेवारी, कुणाला ऑगस्ट. म्हणजे माणसं एकदम जाणार नाहीत. प्रोग्रॅम सोपा होता, अर्ध्या तासाचं काम. मी नाही म्हणाले. नोकरीत वरिष्ठांना नाही म्हणण्याची माझी ती पहिली वेळ, आणि मी कारणही धड दिलं नाही. युनियन ऐकणार नाही, एवढंच पुटपुटले. ते त्यांना पटलं.

ऐंशीनंतर नवीन मशीन आलं, पडद्यांचं, आणि कार्डं रद्दीत गेली. सगळी माहिती नव्या मशीनवर उतरवताना मी प्रत्येक माणसापुढे एक घर जादा मागून घेतलं. जन्मतारीख कागदावरून घेतलेली आहे की अंदाजानं धरलेली, एवढं सांगणारं एक अक्षर. साहेबांनी विचारलं, याचा उपयोग काय. मी म्हणाले, पुढे लागेल. त्यांनी सही केली. त्या अक्षराची यादी माझ्याकडे कुणी कधी मागितली नाही.

मामा मला त्यानंतर एकदाच भेटले, निगडीच्या बस स्टँडवर. तिथे प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीत बंगले उठत होते आणि ते एका बांधकामावर राखण करत होते. तब्येत उतरली होती, पण खुशीत दिसले. दिवसभर माणसांत असतो म्हणाले. ठेकेदारानं वय विचारलं का, असं मी विचारलं. विचारलं होतं म्हणाले, आणि किती सांगितलं ते सांगितलं नाही. भट्टीची चौकशी केली. मापक आता बदललंय, हे मी सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले. तेवढ्यात माझी बस लागली. आत बसले आणि बघितलं, तर ते बांधकामाकडे निघालेही होते.